ठाण्याच्या गच्चीवर ड्रॅगन फ्रूट: लावायचं कसं आणि जातींची तुलना करायची कशी

जुलैतली रात्र, साडेनऊ वाजलेले. नौपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चित्रकलेचा ब्रश घेऊन उभी होते. छत्री डोक्यावर नव्हती, फुलावर होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, ब्रह्मकमळ उमललंय आणि मला हाक नाही मारलीस?" मी म्हटलं, "काकू, हे त्याचं चुलत भावंड. याला फळ धरतं."

खोटं नव्हतं ते. आपण कुंडीत वाढवतो ते ब्रह्मकमळ हिमालयातलं नव्हेच, तो मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंग आहे आणि ड्रॅगन फ्रूट त्याच्याच कुळातलं. दोघांचंही फूल एकच रात्र उमलतं आणि सकाळी मान टाकतं. ज्यांनी ब्रह्मकमळ वाढवलंय त्यांना या झाडाचा अर्धा स्वभाव आधीच ठाऊक असतो. मोठा फरक उन्हाचा. ब्रह्मकमळ सावलीतही खूश असतं, याला मात्र रोज सहा तास ऊन हवं. खिडकीच्या ग्रीलमध्ये दोन तास कवडसा येत असेल तर झाड जगेल, वाढेल, पण फळाची वाट बघत बसू नका.

मी पाच वर्षांत चार जाती लावल्या. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकते: कोकणपट्टीत जात निवडताना गराचा रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी दोन प्रश्न विचारा. हे झाड स्वतःच्या परागावर फळतं का? आणि हंगामात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेऊन त्याचं खोड शाबूत राहतं का? आपल्याकडे या पिकाची बरीचशी माहिती सांगली, सोलापूरच्या कमी पावसाच्या शेतांमधून येते. ती चुकीची नाही, पण तिथली अडचण पाणी नसणं ही आहे आणि आपली अडचण पाणी जास्त असणं ही.

जाती: नावापेक्षा खोड आणि फूल बघा

व्हिएतनाम व्हाइट म्हणून मिळते ती गुलाबी सालीची, पांढऱ्या गराची जात. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या फळबाजारात स्वस्तात दिसतं ते बहुधा हेच. खोड जाड, गडद हिरवं, कडा लाटांसारख्या आणि जुन्या फांद्यांच्या कडेला तपकिरी, शिंगासारखी कडक रेघ. काटे आखूड आणि थोडे. फूल मोठं, आतून पांढरं, बाहेरच्या पाकळ्या पिवळट हिरव्या.

लाल गराच्या जातींमध्ये सियाम रेड आणि जंबो रेड ही नावं जास्त ऐकू येतात. नर्सरीत यांची सर्रास सरमिसळ होते, त्यामुळे पाटीवर विसंबू नका. लाल गराच्या बऱ्याच जातींच्या खोडावर राखाडी-पांढरट पावडरीसारखा थर दिसतो आणि कळीच्या पाकळ्यांच्या कडा लालसर असतात. मी एका नर्सरीतून "शंभर टक्के लाल" म्हणून आणलेलं रोप दीड वर्षाने फळलं, कापलं तर आत शुभ्र पांढरं. नर्सरीवाल्याने खांदे उडवले. तेव्हा शक्य असेल तर ज्याच्या झाडाचं फळ आपण खाल्लं आहे, त्याच्याकडूनच कटिंग आणा. रोप तर फुकट मिळतंच, शिवाय आत काय निघेल याची खात्रीही असते.

फिजिकल ग्राफिटी ही अमेरिकेत तयार झालेली संकरित जात, गर गुलाबी. हौशी मंडळींच्या देवाणघेवाणीतून ती आता इथेही पोचली आहे. चव छान, पण स्वतःच्या परागावर फळत नाही. शेजारी त्याच रात्री फुलणारी दुसरी जात नसेल तर नुसती फुलं बघायची. शुगर ड्रॅगन ही याच्या उलट: फळ लहान, गर लाल, फार गोड, स्वतः फळते आणि दुसऱ्यांनाही तिचे पराग चालतात. गच्चीवर चार ड्रम असतील तर एक तिचा असावा.

पिवळ्या सालीचं, काटेरी फळ देणारी पालोरा मूळची इक्वेडोरकडची, प्रजातीच वेगळी. गोडीत तिचा हात धरणारं कोणी नाही. पण फळ पिकायला लाल-पांढऱ्या जातींना महिना लागतो, तर हिला तीन ते पाच महिने. तिचं खोड बारीक, आणि ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे ते उन्हाने पोळून पिवळं पडलं. दोन उन्हाळे जपली, तिसऱ्यात सोडून दिली. खारघरच्या टेकडीकडे बंगला आणि दुपारची सावली असलेल्यांनी प्रयत्न करून बघावा. चौथ्या मजल्याच्या तापलेल्या गच्चीवर मी तो सल्ला देणार नाही.

वजनाचं गणित आधी

दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा निळा ड्रम आडवा कापून त्याचे दोन केले की दोन झाडांची सोय झाली. पण अर्धा ड्रम ओल्या मातीसह दीडशे किलोच्या घरात जातो. चार इंची पीव्हीसी पाइपात काँक्रीट भरून सहा फुटी खांब केला तर तो तीस-पस्तीस किलो, आणि झाड मोठं झालं की हिरवा भारच तीस-चाळीस किलो. म्हणून ड्रम गच्चीच्या मधोमध कधीही ठेवू नका. खाली तुळई किंवा कॉलम आहे अशा कडेच्या जागी ठेवा, ड्रमखाली विटा द्या म्हणजे पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब होणार नाही. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. आमच्या सेक्रेटरींनी पहिल्या वर्षी गच्चीची किल्ली देतानाही कपाळाला आठ्या घातल्या होत्या. पहिलं फळ त्यांच्या घरी गेलं, तेव्हापासून किल्ली माझ्याकडेच असते.

खांबाच्या डोक्यावर स्कूटरचा जुना टायर, आडव्या दोन सळ्यांवर ठेवून तारेने आवळलेला. फांद्या त्याच्या पोटातून वर येतात आणि कारंज्यासारख्या खाली लोंबतात. सळीची धार फांदीला कापते, टायर कापत नाही, एवढंच त्याचं कौतुक. जूनच्या पहिल्या वादळी वाऱ्यात माझा एक खांब ड्रमसकट कलंडला होता. त्यानंतर मी तिन्ही खांब वरून एका आडव्या पाइपने एकमेकांना जोडले, आता ते एकमेकांना धरून राहतात.

बाल्कनीवाल्यांनी सोळा-अठरा इंची कुंडी आणि चार फुटी आधार करावा. फळं कमी येतील, पण येतील. बाल्कनी दक्षिणेला किंवा पश्चिमेला असली पाहिजे.

माती

दोन भाग लाल माती, एक भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी जवळजवळ घालत नाही. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत ते उपयोगी असेल, आपल्याकडे जुलैत तो ओला स्पंज होऊन बसतो. ड्रमच्या तळाला आठ-दहा भोकं पाडा आणि बाजूलाही तळापासून दोन इंचांवर चार, कारण तळाची भोकं मुळांनी बुजली की बाजूची कामाला येतात. घातलेलं पाणी मिनिटभरात खालून बाहेर आलं पाहिजे.

कटिंग लावणं आणि पहिलं वर्ष

निदान वर्षभर जुनी, कडक झालेली, फूटभर लांबीची फांदी घ्या. कोवळी फांदी हिरवीगार दिसते आणि पटकन कुजते. झाडावर असताना कोणतं टोक खाली होतं त्यावर खूण करा. उलटी लावली तर मुळं फुटतात, पण झाड वर्षभर रुसून बसतं. खालच्या टोकाचा दोन इंच हिरवा भाग पेन्सिलीसारखा तासून आतला कडक दोर मोकळा करा. मुळं मुख्यतः तिथून येतात. मग पाच ते सात दिवस सावलीत सुकू द्या. कापावर पापुद्रा धरल्याशिवाय मातीत घालू नका. ही वाट न बघणं, हेच कटिंग सडण्याचं सगळ्यात मोठं कारण.

लावायची वेळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी. आपल्याला पहिल्या पावसात सगळं लावायची सवय असते, पण हा आंबा-फणस नव्हे. जूनमध्ये लावलेल्या माझ्या पाच कटिंगांपैकी तीन श्रावण लागायच्या आत लगदा झाल्या.

दोन इंच खोल लावा, खांबाला सुतळीने सैल बांधा, सपाट बाजू खांबाकडे. पहिले दहा दिवस पाणी अगदी थोडं. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. त्यानंतर एकच काम, आणि ते मन घट्ट करून करायचं: एक फांदी वर चढू द्यायची, बाजूने फुटणारे सगळे कोंब चिमटून टाकायचे. टायरच्या वर अर्धा फूट गेली की शेंडा कापायचा. मग तिथून तीन-चार फांद्या फुटतात आणि खाली झुकतात. फूल बहुतेक या झुकलेल्या फांद्यांवर येतं. ज्यांच्याकडे तीन वर्षांत फूल आलं नाही असं ऐकते, त्यांच्याकडे बघायला गेलं तर बहुधा खालपासून जंगल माजलेलं असतं. कटिंगपासून पहिलं फूल साधारण बारा ते अठरा महिन्यांत दिसतं. बियांपासूनही रोपं होतात, पण त्यांना कितीतरी वर्षं लागतात आणि फळ आईसारखं असेलच असं नाही.

खत: फेब्रुवारीत ड्रममागे दोन-तीन किलो शेणखत, मेच्या अखेरीला एक मूठ बोनमील आणि थोडं पोटॅश. भर पावसात घातलेलं खत गच्चीच्या पन्हाळातून खाली जातं. युरियाच्या मोहात पडू नका, फांद्या गुबगुबीत होतात आणि बुरशीला आमंत्रण देतात. पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, हिवाळ्यात दहा दिवसांनी एकदा.

फुलाची रात्र

दिवस मोठा झाला की या झाडाला कळ्या येतात. व्हिएतनाममध्ये म्हणूनच शेतकरी ऑफ-सीझनला शेतात रात्री दिवे लावून झाडाला फसवतात. आपल्याकडे मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत लाटालाटांनी फुलं येतात. म्हणजे नेमका पावसाळा. खरी गोम इथे आहे.

कळी दिसल्यापासून दोन-तीन आठवड्यांत फूल उमलतं. उमलायच्या दिवशी संध्याकाळी कळी फुगते, टोकाला सैल पडते, वास सुरू होतो. साडेआठ-नऊपर्यंत अर्धं, दहा-साडेदहापर्यंत पूर्ण. मूळ देशात हे काम वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. आपल्याकडे पहाटे मधमाश्या येतात, फूल मिटायच्या आत तासभर गर्दी करतात. पाऊस पडत असेल तर त्याही येत नाहीत, आणि भिजलेले पराग चिखल होऊन जातात.

आता "स्वतः फळतं" याचा अर्थ नीट समजून घ्या. व्हिएतनाम व्हाइटला स्वतःचे पराग चालतात, पण फुलाच्या मधला दांडा पुंकेसरांच्या पुढे आलेला असतो, त्यामुळे पराग आपणहून तिथे पोचतातच असं नाही. कोणीतरी पोचवावे लागतात. सियाम रेड आणि शुगर ड्रॅगनमध्ये मिटताना पाकळ्या आत दाबल्या गेल्या की कितीदा काम होऊन जातं. फिजिकल ग्राफिटीला स्वतःचे पराग कितीही चोळा, उपयोग नाही.

मी करते ते असं. नऊच्या सुमाराला स्टीलची वाटी फुलाखाली धरायची, कोरड्या ब्रशने पुंकेसर हलवायचे, हळदीसारखी पिवळी पूड पडते. दहानंतर मधल्या चांदणीसारख्या भागाच्या प्रत्येक बोटावर ती ब्रशने भरपूर लावायची. कंजूषपणा नको: जितक्या जास्त बिया धरतील तितकं फळ मोठं. पाऊस असेल तर आधीपासून फुलावर छत्री बांधायची. छत्रीचा दांडा आडव्या पाइपला दोन सुतळ्यांनी बांधला की रात्रभर हलत नाही. सकाळी सातला दुसऱ्यांदा एकदा ब्रश फिरवला तर आणखी चांगलं.

दोन जाती वेगवेगळ्या रात्री फुलल्या तर? पराग अगदी कोरडे असतील तर छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालतात. डबीवर नाव लिहा. आमच्याकडे ते एकदा केशर समजून खिरीत जायच्या बेतात होते.

चार-पाच दिवसांनी देठाकडचा भाग पिवळा पडला तर फूल गळणार. हिरवा राहिला तर फळ धरलं. आठवड्याने सुकलेल्या पाकळ्या हलक्या हाताने पिळून काढून टाका. भर पावसात त्या टोकाला कुजतात आणि कूज फळात उतरते.

पावसाळा आणि उन्हाळा

पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुना, बुरशी रोखायला) एक टक्क्याची फवारणी मी चुकवत नाही. खोडावर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला अडीच ग्रॅम. भाग पिवळा होऊन मऊ पडला असेल तर फवारणीने काही होत नाही. सुरी स्पिरिटने पुसून तेवढा लगदा आतल्या कडक दोरापर्यंत तासून टाका, उघडा भाग सुकू द्या. नुसत्या दोरावरही झाड पाणी वर नेतं आणि जगतं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. गोगलगायी रात्री कोवळे कोंब खातात, टॉर्च घेऊन वेचणं हा एकच उपाय मला लागू पडला. मुंग्या कळ्यांवरच्या गोड थेंबांसाठी येतात, त्यांना फारसं घाबरू नका. त्यांच्याबरोबर पांढरा कापसासारखा मिलिबग आहे का, एवढं बघा.

मार्च ते मे तीस ते पन्नास टक्क्यांची शेडनेट, पश्चिमेकडून. बास.

तुलना: वही, पाटी आणि वजनकाटा

"लाल गोड की पांढरं?" या प्रश्नाला बाजारातलं फळ खाऊन उत्तर देता येत नाही. ड्रॅगन फ्रूट आंब्यासारखं अढीत पिकत नाही. तोडल्यानंतर गोडी वाढत नाही. दूरच्या प्रवासासाठी लवकर तोडलेलं पांढरं फळ खाऊन "हे पाणचट असतं" असा शिक्का मारणारे मला रोज भेटतात. झाडावर पिकलेलं पांढरं त्यांना द्या, मग बोला.

घरी तुलना करायची तर सगळ्या जाती एकाच मातीत, एकाच उन्हात, एकाच महिन्यात लावा. प्रत्येकीची दोन रोपं ठेवा, कारण एक रोप कधीकधी उगाच मागे राहतं. पाटीसाठी स्केचपेन नको, एका उन्हाळ्यात उडतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची पट्टी कापून तिच्यावर बॉलपेनने दाबून नाव कोरा आणि तारेने खोडाला बांधा. पाच वर्षांत माझी एकही पुसली नाही. पट्टीच्या कडा दुमडून घ्या, नाहीतर बोट कापतं.

वहीत मी हे लिहिते: कळी दिसली ती तारीख, उमलली ती रात्र, पाऊस होता का, पराग कोणाचे, फळ धरलं की गळलं, रंग बदलला तो दिवस, तोडला तो दिवस, वजन, सालीसकट आणि गराचं वेगळं. शेवटचं महत्त्वाचं. काही जातींचं फळ दिसायला दांडगं आणि साल जाड निघते. गोडी मोजायला हाती धरायचा रिफ्रॅक्टोमीटर ऑनलाइन मिळतो. तो नसेल तर जीभ चालते, फक्त प्रत्येक फळाचा मधलाच घास घ्या. मध्यभाग सालीजवळच्या भागापेक्षा नेहमी गोड असतो. एकाचा मधला आणि दुसऱ्याचा कडेचा घास खाऊन निकाल लावला तर तो अन्याय. घरच्यांना डोळे मिटून खायला लावा. लाल रंग बघितला की लोकांना आपोआप गोड लागतं, आमच्याकडे दोनदा हा प्रयोग झाला आणि दोन्ही वेळा घरातल्या लाल-समर्थकांनी पांढऱ्याला जास्त गुण दिले.

फळ कधी तोडायचं? फूल उमलल्यापासून पंचवीस ते तीस दिवसांत साल रंगते. पूर्ण रंग आल्यावर आणखी चार-पाच दिवस थांबा, सालीवरच्या हिरव्या पाकळ्यांची टोकं सुकू लागली की तोडा. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर दिवसभर आधी काढा, नाहीतर फळ तडकतं. रंग येताच जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या बांधा. बुलबुल आणि खार आपल्यापेक्षा एक दिवस आधी येतात. लाल गराचं फळ मुलांना पहिल्यांदा दिलंत तर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसू शकते, डॉक्टरांकडे धावू नका, तो फळातला रंग असतो.

माझ्या वहीप्रमाणे पावसाच्या रात्री फूल गळण्यात व्हिएतनाम व्हाइट पहिली, पण हाताने पराग लावले तर तीच सगळ्यात भरवशाची आणि खोडाने दणकट. सियाम रेड न बघितलं तरी फळली, ठिपके मात्र तिच्यावर जास्त. फिजिकल ग्राफिटीची चव मला सगळ्यात आवडते, तरी तिच्यासाठी दरवेळी दुसऱ्या फुलाची जुळणी करावी लागते.

रात्री दहाला गच्चीवर जाणं जमत नसेल आणि एकाच ड्रमची जागा असेल, तर खात्रीच्या झाडावरची सियाम रेड किंवा शुगर ड्रॅगन लावा. जागरणाची हौस असेल तर एक पांढरी, एक लाल. दिवाळीनंतर फुलं थांबली की जुन्या, गुंतलेल्या फांद्या छाटायच्या असतात, तेव्हा कटिंगांचा ढीग पडतो. काकूंना गेल्या वर्षी तीन दिल्या, कॅनच्या पट्टीवर नाव कोरून. त्यांनी त्या ब्रह्मकमळाच्या कुंडीशेजारी, ग्रीलमध्ये ठेवल्या आहेत. सहा तास ऊन नाही तिथे. मी सांगून बघितलं.